सोंगाड्याची बहुश्रुतता : तमाशातील उत्स्फूर्त विनोदाचा विचार

तमाशातील सोंगाड्या हा मराठी रंगपरंपरेतील उत्स्फूर्त विनोदाचा प्रमुख वाहक होय. त्याच्याविषयी लिहिताना हजरजबाबीपणाचा उल्लेख होतो आणि तो गुण उपजत मानून चर्चा संपते. प्रस्तुत लेखात या समजुतीचा पुनर्विचार करावयाचा आहे. सोंगाड्याच्या हजरजबाबीपणामागे बहुश्रुतता उभी असते आणि तिचा खरा उपयोग समोरच्या प्रेक्षकाला काय ठाऊक आहे हे ओळखण्यासाठी होतो, असे आमचे प्रतिपादन आहे.

पारंपरिक वगाचे कथासूत्र आणि पदे ठरलेली असत. गद्य संवाद मात्र नट बव्हंशी ऐनवेळी रचीत. बतावणी तर संपूर्णपणे नटाच्या जिभेवर अवलंबून असे. 'गाढवाचं लग्न'मधील दादू इंदुरीकरांचा सावळ्या कुंभार याच परंपरेतून घडला. वसंत सबनीस यांच्या 'विच्छा माझी पुरी करा' या १९६५ च्या वगनाट्याला लिखित संहिता होती. तरीही दादा कोंडके यांनी हवालदाराच्या भूमिकेत ताज्या घडामोडींची पदरची भर घातली. मुंबईतील गिरणी वस्तीतले बालपण, बँडपथक आणि सेवादलाचे कलापथक यांतून मिळालेला अनुभव त्यांच्या पाठीशी होता. राजकारण, बाजार, चाळ आणि चावडी या सर्वांची खबर असल्याशिवाय अशी भर घालता येत नाही.

येथे एक आक्षेप संभवतो. कीथ जॉनस्टन यांनी 'इम्प्रो' (१९७९) या ग्रंथात नटाने चतुर होण्याचा हव्यास सोडून त्याला जे सहज सुचेल तेच बोलावे, असा आग्रह धरला आहे. मग माहितीचा भार उत्स्फूर्ततेच्या आड येणार नाही काय? आक्षेप महत्त्वाचा आहे. परंतु सहज काय सुचावे, हे नटाच्या अनुभवाच्या कक्षेवरच ठरते. इटलीतील कोमेदिया देल्लार्तेचे नटही केवळ कथेच्या आराखड्यावर प्रयोग करीत. तथापि वाचलेल्या-ऐकलेल्या मजकुराची टिपणे ते बाळगून असत. साठा आधी होतो, सुचणे नंतर येते.

जालना जिल्ह्यापुरता विचार केल्यास हे अधिक स्पष्ट होते. समजा, बतावणीत राजाने विचारले, "प्रधानजी, राज्याची हालहवाल काय?" प्रधान उत्तरला, "महाराज, आपली आश्वासनं आंबिया बहारासारखी. फूल दांडगं, पण फळ हाती येण्याआधीच गळतं." आंबिया आणि मृग बहारातील भेद, मोसंबीची फळगळ, आडतीवरचा भाव हे नटाला ठाऊक असेल, तरच हे वाक्य त्याच्या तोंडी येईल. प्रेक्षकांत बागायतदार असतो, तसेच बियाण्यांच्या धंद्यातील नोकरदार आणि सळईच्या कारखान्यातील कामगारही असतात. त्या प्रत्येकाच्या जगाची एखादी खूण नटापाशी असावी लागते.

याच जिल्ह्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. समर्थांनी विनोदाला टवाळांचा छंद ठरविले, हे सर्वश्रुत आहे. परंतु 'दासबोधा'त त्यांनी वक्त्याकडून बहुश्रुततेची आणि प्रसंग ओळखण्याची जी अपेक्षा केली, ती उत्तम सोंगाड्यालाही तंतोतंत लागू पडते. ज्यांचा त्यांनी उपहास केला, त्यांच्यासाठीच त्यांचे निकष उपयोगी पडावेत, हे मोठे मार्मिक आहे.

बहुश्रुततेचा साठा आटला की विनोदाचे काय होते, हेही पाहिले पाहिजे. तेव्हा नट द्व्यर्थी शब्दांकडे, स्त्रीच्या देहाकडे किंवा एखाद्या जातीच्या बोलीकडे वळतो. कारण तेथे नव्याने काही जाणून घ्यावे लागत नाही. कोंडके यांच्या पुढील चित्रपटांवर द्व्यर्थी संवादांबद्दल टीका झाली. रंगमंचावर संदर्भ रोज बदलू शकत होते. चित्रपटात ते कायमचे गोठले, असे त्याचे एक कारण संभवते. अर्थात केवळ संदर्भांची गर्दी म्हणजे विनोद नव्हे. माहितीचे प्रदर्शन करणारा नट प्रेक्षकाला वर्गात बसवितो. खरा सोंगाड्या त्याला आपल्या कटात सामील करून घेतो.

महाविद्यालयांनी या प्रश्नाकडे गांभीर्याने पाहावयास हवे. युवक महोत्सवातील लोकनाट्यांत दूरचित्रवाणीवरील विनोद पाठ करून म्हटले जाताना अनेकदा दिसतात. त्यांना टाळ्या मिळतातही. परंतु ज्या गावातून विद्यार्थी आला, त्या गावाचे जगणे रंगमंचावरून हद्दपार होते. तालमीपूर्वी विद्यार्थ्यांना वृत्तपत्र वाचावयास लावणे, मोंढ्यात एक सकाळ घालविण्यास सांगणे, वाणिज्य आणि कृषी शाखांतील सहाध्यायांशी बोलते करणे, हे उपाय खर्चाचे नाहीत. मराठी विभाग आणि सांस्कृतिक मंडळ यांनी एवढे केले, तरी पुढील बतावणीतील प्रधानाला उसने उत्तर शोधावे लागणार नाही.