इंग्रज उमराव घराण्यांच्या वंशावळी : पुरावा, प्रतिष्ठा आणि टीका

प्रस्तावना

वंशावळ ही वरकरणी केवळ नावांची यादी भासते. अमुक याचा पुत्र तमुक, त्याचा पुत्र फलाणा, अशी तिची रचना असते. परंतु या यादीतील प्रत्येक ‘चा’ हा प्रत्यय म्हणजे एक विधान असते आणि प्रत्येक विधान पुराव्याची अपेक्षा करते. इंग्लंडमधील उमराव घराण्यांच्या बाबतीत ही अपेक्षा कित्येक शतके पूर्ण झाली नाही; किंबहुना ती व्यक्त करणे हेच असभ्यपणाचे लक्षण मानले गेले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काही अभ्यासकांनी हा संकेत मोडला आणि वंशावळीला इतिहासाच्या कसोटीवर उभे केले. या टीकेने काय साधले आणि तिच्या दृष्टीतून काय निसटले, याचा विचार प्रस्तुत लेखात करण्यात आला आहे. इतिहास व इंग्रजी साहित्य या दोन्ही विषयांच्या अध्यापनात ही घराणी वारंवार भेटतात. त्यामुळे त्यांच्या वंशकथा कशा वाचाव्यात, हा प्रश्न केवळ इंग्लंडपुरता उरत नाही.

वंशावळीची गरज आणि साधने

इंग्लंडमध्ये वंशाची नोंद ठेवण्यामागील मूळ प्रेरणा अभिमानाची नसून जमिनीची होती. इ.स. १०६६ मध्ये नॉर्मन विल्यमने इंग्लंड जिंकले आणि वीस वर्षांनी, १०८६ मध्ये, ‘डूम्सडे बुक’ या नावाने ओळखली जाणारी जमीनधारकांची पाहणी केली. राजाकडून थेट जमीन धारण करणारा सरदार मरण पावला, की त्याच्या वारसाचे वय काय, जमीन किती, वारस अज्ञान असल्यास पालकत्व कोणाचे, हे राजाला ठाऊक असणे आवश्यक होते. कारण त्यावर महसूल अवलंबून होता. तेराव्या शतकापासून सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत झालेल्या मरणोत्तर चौकशीच्या नोंदी याच गरजेतून निर्माण झाल्या. मृत्यूची तारीख, जमिनीचा तपशील, वारसाचे नाव व वय या गोष्टी स्थानिक पंचांच्या शपथेवर लिहिल्या जात. याशिवाय मठांची दानपत्रे, न्यायालयीन तंट्यांचे कागद, मृत्युपत्रे आणि १५३८ पासून सुरू झालेल्या पॅरिशच्या बाप्तिस्मा-विवाह-दफन नोंदी ही वंशशोधनाची प्रमुख साधने होत.

या साधनांचे वैशिष्ट्य असे, की ती वंशाचा गौरव करण्यासाठी लिहिलेली नाहीत. पंचांना सरदाराच्या पूर्वजांविषयी आस्था नव्हती. त्यांना केवळ आजचा वारस सांगायचा होता. म्हणूनच अशा कागदाचे मूल्य अधिक. याउलट, जो मजकूर वंशाचे वैभव सांगण्यासाठीच रचला जातो, त्याकडे साशंक दृष्टीने पाहणे भाग पडते. हा साधा विवेक पुढे शतकानुशतके विसरला गेला.

कुलचिन्हाधिकारी आणि कल्पित पूर्वज

१४८४ मध्ये तिसऱ्या रिचर्डने कुलचिन्हाधिकाऱ्यांच्या संस्थेला सनद दिली. ही संस्था ‘कॉलेज ऑफ आर्म्स’ म्हणून ओळखली जाते. १५३० ते १६८८ या काळात तिचे अधिकारी निरनिराळ्या परगण्यांत फिरून कोणाला कुलचिन्ह धारण करण्याचा अधिकार आहे याची तपासणी करीत आणि वंशावळी नोंदवून घेत. ट्यूडर काळात जुनी सरदार घराणी यादवी युद्धांत खचली होती. मठांच्या जप्त जमिनी, लोकरीचा व्यापार आणि दरबारी सेवा यांच्या बळावर नवी घराणी वर येत होती. या नव्या धनाला जुन्या रक्ताची आवश्यकता भासू लागली. तपासणी करणारा अधिकारी आणि शुल्क देणारा गृहस्थ यांचे हितसंबंध येथे एकत्र आले.

स्पेन्सर घराण्याचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. वॉरविकशरमध्ये मेंढपाळीच्या व्यवसायातून या घराण्याने संपत्ती मिळविली. १५०८ मध्ये ऑलथॉर्पची जहागीर विकत घेतली आणि १६०३ मध्ये बॅरनची पदवी मिळविली. परिश्रमाने वर आलेल्या कुळाचा हा इतिहास स्वतःच अभिमानास्पद होता. परंतु सोळाव्या शतकाच्या अखेरीस रिचर्ड ली या कुलचिन्हाधिकाऱ्याने या घराण्याचा संबंध मध्ययुगातील बलाढ्य डेस्पेन्सर सरदारांशी जोडून दिला. नामसादृश्य हाच या जोडणीचा आधार होता. फील्डिंग घराण्याची झेप याहून मोठी होती. १६२२ मध्ये डेनबीच्या अर्लपदावर पोहोचलेल्या या घराण्याने आपले मूळ थेट हॅब्सबर्ग राजवंशात असल्याचे सांगितले आणि त्यासाठी जुन्या दस्तऐवजांचे दाखले पुढे केले. कादंबरीकार हेन्री फील्डिंग याच कुळातील असल्याने इतिहासकार एडवर्ड गिबन यांनीही आपल्या आत्मवृत्तात या संबंधाचा गौरवाने उल्लेख केला. ते दस्तऐवज बनावट होते, हे सिद्ध होण्यास एकोणिसाव्या शतकाची अखेर उजाडावी लागली.

साहित्याच्या अभ्यासकाला या व्यवहाराचा आणखी एक संदर्भ परिचित आहे. १५९६ मध्ये शेक्सपिअरच्या वडिलांना कुलचिन्ह मंजूर झाले आणि १५९९ मध्ये त्यास मातुल आर्डन घराण्याचे चिन्ह जोडण्याचा प्रयत्न झाला. १६०२ मध्ये राल्फ ब्रुक या अधिकाऱ्याने अपात्र व्यक्तींना कुलचिन्हे दिली जात असल्याची तक्रार केली, तीत शेक्सपिअरचे नाव होते. योगायोग असा, की वॉरविकशरचे आर्डन हे नॉर्मन विजयापूर्वीच्या सॅक्सन पूर्वजापर्यंत पुराव्यानिशी पोहोचणाऱ्या अगदी मोजक्या घराण्यांपैकी एक आहे. सॅक्सन मूळ खरे असूनही त्याची चहा अल्प होती; ‘विजेत्या विल्यमबरोबर आलेले’ हे बिरुदच समाजात चालत होते.

टीकेचा उदय

१८२६ मध्ये जॉन बर्क यांनी उमरावांच्या वंशावळींचा कोश प्रसिद्ध केला. हा ग्रंथ लोकप्रिय झाला, परंतु घराण्यांनी पुरविलेली माहिती त्यात फारशी पारख न करता छापली जात असे. अशा कथांवर इतिहासकार ई. ए. फ्रीमन यांनी १८७७ मध्ये वंशावळी रचणाऱ्यांविषयी लिहिलेल्या निबंधात कठोर टीका केली. फ्रीमन यांच्या मते प्रश्न केवळ अज्ञानाचा नव्हता. ज्ञात इतिहासाशी उघड विसंगत असलेली विधाने दरवर्षी नव्याने छापणे हा सत्याचा अवमान होता.

या टीकेला शास्त्राचे रूप दिले ते जे. होरेस राउंड (१८५४-१९२८) यांनी. १९०१ आणि १९१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या उमराववंशविषयक ग्रंथांत स्पेन्सर व फील्डिंग यांच्या दाव्यांची चिरफाड आहे. राउंड यांची पद्धती तीन प्रश्नांवर उभी होती. दस्तऐवज प्रथम कोणाच्या हाती आढळला? त्यातील भाषा, पदव्या आणि साक्षीदार त्या काळाशी जुळतात काय? आणि दोन पिढ्यांना जोडणारा दुवा स्वतंत्र साधनाने सिद्ध होतो, की केवळ नावाच्या साम्यावर टिकून आहे? या तीन प्रश्नांपुढे अनेक भव्य वृक्ष कोसळले. जी. ई. कोकेन यांनी १८८७ ते १८९८ या काळात आठ खंडांत सिद्ध केलेला उमरावपदव्यांचा कोश आणि १९१० ते १९५९ या काळात निघालेली त्याची विस्तृत दुसरी आवृत्ती हे या नव्या दृष्टीचे स्थायी फळ होय. पदवीधारकाचा जन्म, विवाह, मृत्यू व वारसा यांची साधार नोंद करणे आणि आधार नसेल तेथे थांबणे, हा कोकेन यांचा संयम राउंड यांच्या तीक्ष्णतेइतकाच महत्त्वाचा आहे.

राउंड यांच्या लेखनातील कटुता मात्र नाकारता येत नाही. ज्या फ्रीमन यांनी वाट दाखविली, त्यांच्याच हेस्टिंग्जच्या लढाईच्या वर्णनावर राउंड यांनी निर्दय हल्ला चढविला. तथापि ही कटुता व्यक्तिस्वभावाची बाब म्हणून बाजूला ठेवता येते. त्यांच्या दृष्टीची खरी मर्यादा अन्यत्र आहे.

टीकेची मर्यादा : अखंड पुरुषवंशाची कल्पना

राउंड यांनी खोटे पूर्वज दूर केले, परंतु पित्याकडून पुत्राकडे अखंड वाहणारी परंपरा म्हणजेच घराणे, ही मूळ कल्पना त्यांनी तशीच स्वीकारली. ही कल्पना प्रत्यक्ष इतिहासाशी कितपत जुळते, हे पर्सी घराण्यावरून पाहता येते. नॉर्मन पर्सींचा पुरुषवंश बाराव्या शतकात संपला. वारस कन्या ॲग्नेस हिचा विवाह लूव्हेंच्या जोसेलिनशी झाला आणि तिच्या संततीने मातेचे नाव धारण केले. १३७७ मध्ये नॉर्थम्बरलंडचे अर्लपद मिळविणारे पर्सी हे या दृष्टीने कन्येचे वंशज होत. १६७० मध्ये अकरावे अर्ल निवर्तले आणि हाही पुरुषवंश खुंटला. त्यानंतर डब्लिनमधील पेट्या बनविणाऱ्या एका कारागिराने, जेम्स पर्सी याने, पदवीवर दावा सांगितला. उमरावसभेने तो फेटाळला आणि १६८९ मध्ये खोटा दावेदार अशी पाटी छातीवर लावून त्याला वेस्टमिन्स्टर हॉलमधून फिरविण्याची शिक्षा दिली. पुढे पर्सींच्या एका वंशजकन्येशी १७४० मध्ये विवाह करणाऱ्या सर ह्यू स्मिथसन यांनी मात्र पार्लमेंटच्या कायद्याने पर्सी हे नाव घेतले आणि १७६६ मध्ये ते नॉर्थम्बरलंडचे ड्यूक झाले. कारागिराला शिक्षा झाली ती पुरावा नसल्यामुळे, हे खरे. परंतु स्मिथसन यांच्यापाशीही पर्सींचे रक्त नव्हते. त्यांच्यापाशी विवाह, जहागीर आणि कायदा होता.

असईच्या १८०३ च्या लढाईमुळे महाराष्ट्राला परिचित असलेल्या आर्थर वेलस्ली यांचे आडनावही याच मार्गाने आले. त्यांचे आजोबा रिचर्ड कॉली यांनी १७२८ मध्ये वेस्ली घराण्याची जहागीर मिळताना ते नाव स्वीकारले. त्याचेच पुढे ‘वेलस्ली’ झाले. इंग्लंडमध्ये दत्तकाचा कायदा १९२६ पर्यंत नव्हता आणि दत्तक पुत्राला उमरावपदाचा वारसा आजही मिळत नाही. परंतु नाव व चिन्ह धारण करण्याच्या अटीवर जहागीर देण्याची प्रथा दत्तकविधानाचेच कार्य करीत होती. घराण्याचे नाव पुढे चालावे, ही आकांक्षा दोन्हीकडे एकच होती.

ही तुलना भारतीय वाचकाला एका कठोर प्रसंगाकडे नेते. १८४८ मध्ये सातारा आणि १८५४ मध्ये नागपूर ही राज्ये औरस पुत्र नसल्याच्या कारणाने खालसा करण्यात आली. साताऱ्याचे दत्तकविधान त्यासाठी अमान्य ठरविण्यात आले. हा निर्णय घेणारे लॉर्ड डलहौसी स्वतः स्कॉटिश उमराव होते आणि १८६० मध्ये ते पुत्रावाचून निवर्तले. त्यांची मार्क्विस ही पदवी लुप्त झाली, परंतु अर्लपद व ते घराणे चुलत शाखेकडे जाऊन टिकले. वंशाच्या सातत्याचे नियम निसर्गाने ठरविलेले नसतात. सत्ता ज्याच्या हाती, तो ते ठरवितो. राउंड यांच्या टीकेत हा प्रश्न कोठेही उपस्थित होत नाही.

जनुकीय पुराव्याचे उत्तर

एकविसाव्या शतकात या चर्चेत एक नवा साक्षीदार आला. लेस्टर येथे २०१२ मध्ये तिसऱ्या रिचर्डचा सांगाडा सापडला आणि २०१४ मध्ये त्याच्या जनुकीय परीक्षणाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रिचर्डच्या भगिनीपासून कन्यापरंपरेने उतरलेल्या वंशजांशी मातृवंशीय जनुके जुळली. याउलट पाचव्या ड्यूक ऑफ बोफर्टच्या पुरुषवंशीय वंशजांशी पितृवंशीय जनुके जुळली नाहीत. कागदोपत्री हे वंशज तिसऱ्या एडवर्डपर्यंत पोहोचतात. एवढेच नव्हे, तर तपासलेल्या पाच वंशजांपैकी एक उरलेल्या चौघांशीही जुळला नाही. म्हणजे रिचर्ड आणि हे वंशज यांना जोडणाऱ्या पुरुषपरंपरेत कोठेतरी, किमान दोन ठिकाणी, कागदावरील पिता हा जन्मदाता नव्हता. यातील एक खंड अलीकडच्या पिढ्यांतील आहे. दुसरा नेमका कोठे पडला, हे या पुराव्यावरून सांगता येत नाही.

हा निष्कर्ष अर्थपूर्ण आहे. ज्या कन्यापरंपरेकडे वंशावळकारांनी दुर्लक्ष केले, तीच येथे खरी ठरली. आणि जिच्यासाठी शेकडो वर्षे दस्तऐवज रचले गेले, ती पुरुषपरंपरा खंडित निघाली. मात्र यावरून जुने दस्तऐवज निरर्थक ठरत नाहीत. या शाखेची कथाच मुळात कायद्याने घडविलेली आहे. जॉन ऑफ गाँट यांची विवाहापूर्वीची संतती १३९७ मध्ये औरस ठरविण्यात आली आणि पुढे याच शाखेतील एका अनौरस पुत्रापासून सॉमरसेट घराणे सुरू झाले. दस्तऐवज समाजाने मान्य केलेले नाते सांगतो, जनुके शरीराचे नाते सांगतात. एकाचे काम दुसऱ्याकडून करवून घेतल्यास दोन्ही साक्षी दूषित होतात.

समारोप

इंग्रज उमरावांच्या वंशावळींचा इतिहास हा तीन गरजांचा इतिहास आहे. जमिनीच्या गरजेने विश्वसनीय नोंदी निर्माण केल्या, प्रतिष्ठेच्या गरजेने कल्पित पूर्वज निर्माण केले आणि ज्ञानाच्या गरजेने या दोहोंतील भेद दाखविला. राउंड व कोकेन यांचे कार्य या तिसऱ्या गरजेचे असून त्याचे मोल आजही अबाधित आहे. कारण नामसादृश्यावर पूर्वज जोडण्याचा मोह कोणत्याही एका देशाची मिरासदारी नाही. परंतु पूर्वज खरा की खोटा, एवढ्यावर टीका थांबत नाही. कोणाला पूर्वज म्हणावे, कोणाचे नाव यादीतून वगळावे आणि हा निर्णय कोणाच्या हिताचा आहे, हेही तिने विचारले पाहिजे. स्पेन्सरांचा मेंढपाळ पूर्वज, पर्सींची ॲग्नेस आणि डब्लिनचा तो कारागीर ही तिन्ही माणसे वंशवृक्षाच्या सोनेरी पानावर ठळकपणे येत नाहीत. त्यांना वगळून लिहिलेली वंशावळ अचूक असू शकेल, परंतु ती घराण्याचा इतिहास ठरणार नाही.