बंदुकीने लोकशाही येते का? एक पेपर वाचताना

१९४५ नंतर जर्मनी-जपानमध्ये लोकशाही रुजली. २००३ नंतर इराक मात्र अडखळला. मग बळ चालतं की नाही? डाउन्स आणि मॉन्टन यांचा ‘इंटरनॅशनल सिक्युरिटी’मधला २०१३ चा पेपर सांगतो: बाहेरून सत्ता उलथवून लोकशाही क्वचितच येते. संपन्नता आणि लोकशाहीचा पूर्वानुभव असेल, तिथेच शक्यता जास्त. जर्मनीत वायमार प्रजासत्ताक होऊन गेलं होतं. जपानमध्ये प्रौढ पुरुषांना १९२५ लाच मताधिकार मिळाला होता.

पेपरची जमेची बाजू म्हणजे तुलना. हस्तक्षेप न झालेले, पण मिळतेजुळते देश ते शेजारी ठेवतात. आम्ही प्रयोगशाळेत याला कंट्रोल म्हणतो.

पण यावरून ‘म्हणजे मुत्सद्देगिरी श्रेष्ठ’ असं लिहू नका. तिची परीक्षा इथे झालेलीच नाही, आणि ती मोजणंही अवघड. १९८७ मध्ये रेगन यांनी दक्षिण कोरियाच्या चुन डू-ह्वान यांना संयमाचा सल्ला देणारं पत्र पाठवलं. तेव्हा रस्त्यावर प्रचंड जनसमुदाय होता. त्याच डिसेंबरमध्ये राष्ट्राध्यक्षाची थेट निवडणूक झाली. श्रेय पत्राचं की लोकांचं?

कुठलाही पेपर वाचताना आधी हे विचारा: लेखकांच्या तक्त्यात कोणता रकाना नाहीच? बऱ्याचदा तुमचा संशोधनप्रश्न तिथेच सापडतो.