ॲलिस मेनेल : प्रतिमेआड गेलेली कवयित्री

१९१३ साली इंग्लंडचे राजकविपद रिकामे झाले, तेव्हा ज्यांची नावे पुढे आली त्यांत ॲलिस मेनेल यांचेही नाव होते. पद रॉबर्ट ब्रिजेस यांना मिळाले. १९२२ साली मेनेल निवर्तल्या आणि पुढे त्यांची कविता फारसे कोणी वाचीनासे झाले. इतक्या झपाट्याने ओसरलेली कीर्ती मुळातच पोकळ होती काय?

माझ्या मते पोकळ होती ती प्रतिमा. तरुण वयात कॅथॉलिक श्रद्धा स्वीकारलेली, आठ मुलांची आई, पती विल्फ्रिड यांच्यासह ‘मेरी इंग्लंड’ हे मासिक चालविणारी, लंडनच्या रस्त्यांवर दिवस कंठणाऱ्या फ्रान्सिस थॉम्प्सनला आधार देणारी सुशील गृहिणी! चाहत्यांनी या चित्राभोवती वलय रेखाटले. पुढच्या पिढीने तेच चित्र जुनाट म्हणून अडगळीत टाकले. (कवयित्रीची मुले मोजणारे टीकाकार कवींची मुले मोजत नाहीत, हे जाता जाता नोंदवावेसे वाटते.) स्त्रियांच्या मताधिकारासाठी त्या झटल्या, याचा विसर दोघांनाही पडला.

‘पेरेंटेज’ ही छोटी कविता पाहावी. अविवाहित नागरिक हे एका अर्थी प्रजेचे मारेकरी होत, या सम्राट ऑगस्टसच्या उद्गाराला ती उत्तर देते. मारेकरी ते नव्हेत, जन्म देणारेच खरे मारेकरी; कारण जन्माबरोबर ते अपत्याच्या पदरी मरणही घालतात. हे एका श्रद्धाळू मातेने लिहावे! येथे सांत्वन नाही, तसा बंडखोरीचा आवही नाही. मातृत्वाची गोड गाणी अपेक्षिणाऱ्या वाचकाने ही कविता बहुधा वगळलीच असावी.

‘ख्राइस्ट इन द युनिव्हर्स’मधील धाडस निराळे आहे. पृथ्वीवरील ख्रिस्तकथा आपणांस ठाऊक आहे. पण अन्य ग्रहताऱ्यांवर, कृत्तिकांत वा सप्तर्षींत, तो कोणत्या रूपाने वावरला असेल? अनंतकाळात ती अगणित शुभवर्तमाने ऐकण्यास आपण सिद्ध असावे, असे त्या सुचवितात. श्रद्धा डगमगत नाही. आपल्या ज्ञानाची सीमा मात्र ती निमूट मान्य करते.

१९८० नंतर स्त्रीवादी समीक्षेने मेनेल यांना पुन्हा उजेडात आणले, हे चांगलेच झाले. तथापि त्या थोर कवयित्री होत्या, असा माझा दावा नाही. त्यांचे काव्य संख्येने अल्प आहे आणि कित्येकदा विचार हा विचारच राहतो, त्याची कविता होत नाही. दहा-बारा रचना मात्र निःसंशय टिकाऊ आहेत. ‘रिनाउन्समेंट’ हे त्यांचे प्रेमविषयक सुनीत काव्यसंग्रहांतून आजवर तगून राहिले. माझी निवड ‘पेरेंटेज’पासून सुरू होईल.