'विगरहति'चा अर्थ

विनयपिटकातील 'विगरहति' या क्रियापदासाठी मराठीत 'निंदा करणे' हा पर्याय सहज सुचतो. परंतु त्याने अर्थाला न्याय मिळत नाही. निंदा ही प्रशंसेप्रमाणेच अष्टलोकधर्मांपैकी एक. तिला पुराव्याची गरज नसते. लोकांच्या कुरकुरीसाठी विनयात 'उज्झायति' हे निराळे क्रियापद आहे. 'विगरहति' हे क्रियापद बुद्धांच्या संदर्भात येते, तेव्हा त्याआधी चौकशी झालेली असते. भगवंत भिक्खुसंघ एकत्र करतात, घडले ते खरे काय असे संबंधित भिक्खूला विचारतात आणि त्याने कबूल केल्यावर कृत्य अयोग्य का, हे सांगून दोष देतात. त्यानंतर शिक्षापद घालून दिले जाते.

चुल्लवग्गात देवदत्ताविरुद्ध राजगृहात जाहीर घोषणा करण्यास सारिपुत्त कचरतात, कारण पूर्वी तेथेच त्यांनी त्याची स्तुती केलेली असते. ती स्तुती जशी यथार्थ होती, तशीच ही घोषणाही यथार्थ असावी, असा बुद्धांचा रोख आहे.

म्हणून 'निषेध' हा शब्द अधिक जवळचा वाटतो. मनाई हा त्याचा मूळ अर्थ शिक्षापदाशी जुळतो. मात्र सभेत चौकशीवाचून संमत झालेल्या निषेधाच्या ठरावाला 'विगरहति'चे मोल येत नाही. ती जाहीर निंदाच होय.