मेल्यानंतरचे बोलणे

भाऊसाहेब पाटणकरांचे नाव निघाले की आमच्या यवतमाळ जिल्ह्यात लोक आधी हसतात आणि मग एखादा शेर म्हणून दाखवतात. वासुदेव वामन पाटणकर (१९०८-१९९७) हे यवतमाळचे वकील, शिकारी आणि मराठी शायरीचे जनक म्हणून ओळखले जाणारे कवी. 'दोस्तहो', 'जिंदादिल' ही त्यांची पुस्तके. इश्क, शराब आणि मृत्यू हे विषय त्यांनी उर्दू शायरीकडून घेतले आणि त्यांना मराठी मिस्कीलपणा दिला. त्यांचे मृत्यूवरचे शेर मैफिलीत टाळ्या घेतात आणि विनोद म्हणून विसरले जातात. हा त्या शेरांवर अन्याय आहे, असे मला वाटते.

मीही ते विनोदच समजत होते. माझ्या अब्बांनी एका वहीत पाटणकरांचे शेर उतरवून ठेवले होते. भाषा मराठी, लिपी उर्दू. अब्बांचा इंतकाल झाला आणि चाळिसाव्यानंतर ती वही माझ्याकडे आली. आमच्या घरातल्या बायका कब्रस्तानात जात नाहीत. शब-ए-बरातला भाऊ जातो, कबरीवर फातेहा पढून येतो. मी घरी वही उघडते.

पाटणकरांच्या या शेरांत बोलणारा स्वतःच मेलेला असतो. आपल्यावर कापड घातलेले त्याला आवडत नाही, लोकांचे रडणे तो न्याहाळतो, त्याला राग येतो. पण मेलेल्याने बोलू नये हा शिष्टाचारही तो जाणतो. हसू येते ते इथे. परंतु ज्याच्या घरातून नुकताच जनाजा निघाला आहे, त्याने हे शेर वाचून पाहावेत. गेलेला माणूस ऐकत असेल का, हा एकच प्रश्न त्या वेळी मनात असतो. पाटणकरांचा मृत माणूस सगळे ऐकत असतो. विनोदाच्या आडून त्यांनी दिलेला दिलासा तो हाच. कब्रस्तानात शिरताना आपण कबरवाल्यांना सलाम करतो, तो तरी दुसऱ्या कोणत्या भरवशावर?

गालिबने याच्या उलट केले. त्याच्या पत्नीचा भाचा आरिफ १८५२ साली ऐन उमेदीत गेला. गालिबने त्याला मुलासारखे मानले होते. त्याच्यावरच्या गझलेत गालिब मृताशी बोलतो, एवढी घाई का केलीस म्हणून त्याला रागावतो, त्याच्या मुलांची आठवण देतो. तिथे मागे राहिलेल्याचे घर दिसते. गालिबने पुढे आरिफच्या दोन्ही मुलांना स्वतःच्या घरी वाढवले, हे ध्यानात घेतले म्हणजे तो राग किती खरा होता ते कळते.

पाटणकरांत मला उणीव जाणवते ती इथेच. अब्बांच्या वहीतल्या शेरांत मरण कवीचे स्वतःचे आहे, दुसऱ्याचे नाही. मागे राहिलेले लोक त्याला दिसतात ते रडणारी गर्दी म्हणून. स्त्री येते ती बहुधा प्रेयसी होऊन. जनाजा दारातून गेल्यावर घरात उरलेली मुलगी मला तिथे सापडली नाही. स्वतःच्या मृत्यूवर हसायला धैर्य लागते आणि ते पाटणकरांजवळ भरपूर होते. आपल्या माणसाच्या मृत्यूवर बोलायला आणखी काही लागते. ते गालिबकडे आहे.

तरीही मी वही मिटत नाही. उर्दू लिपीत 'ळ' नाही. अब्बांनी 'डोळे' हा शब्द 'डोले' असा लिहिला आहे, कारण ते बोलतही तसेच. वर्गात माझे विद्यार्थी असे लिहितात, तेव्हा मी लाल शाईने दुरुस्त करते. वहीतले शेर मात्र मी अब्बांच्याच उच्चारात मोठ्याने वाचते. हे शेर पाटणकरांचे आहेत, पण आवाज तेवढ्यापुरता अब्बांचा असतो.