दैत्याची शक्ती आणि खेळाडूचा निर्णय

अद्भुत कथेतील दैत्य आणि अद्भुत भूमिकाखेळातील दैत्य यांत एक मूलभूत भेद आहे. कथेतील दैत्याचा वध कसा व्हावयाचा, हे लेखकाने आधीच ठरविलेले असते. वाचकाने केवळ त्याची वाट पाहावयाची असते. खेळातील दैत्यापुढे मात्र चार-पाच जिवंत माणसे बसलेली असतात, आणि ती काय करतील हे दैत्याच्या निर्मात्यास ठाऊक नसते. दैत्यास काही शक्ती द्यावयाच्या आणि त्यांच्यामुळे समोरच्यांस विचार करणे भाग पडेल असे पाहावयाचे, एवढेच त्याच्या हाती असते. या कलेची चर्चा बहुधा मोजमापाच्या अंगाने होते : दैत्याचा वार किती खोल जातो, तो किती वार सोसतो, कोणत्या पातळीच्या खेळाडूंनी त्याच्या वाटेस जावे. हे मोजमाप आवश्यक आहे. परंतु त्याने शक्तीच्या गुणावगुणांचा निवाडा होत नाही.

या प्रकारातील आद्य खेळ म्हणजे गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नसन यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'. तो १९७४ साली प्रसिद्ध झाला. यात एकजण सूत्रधार होतो (इंग्रजी नाव 'डन्जन मास्टर' असले तरी आपल्या नाट्यपरंपरेतील हा शब्दच त्यास अधिक शोभतो), इतरजण एकेका पात्राची भूमिका घेतात, आणि संशयाच्या जागी फासे टाकले जातात. १९७७ साली निघालेल्या 'मॉन्स्टर मॅन्युअल' या ग्रंथात साडेतीनशेंहून अधिक प्राण्यांची वर्णने आहेत. हा ग्रंथ सूत्रधारासाठी होता. पण तो विकत घेण्यास खेळाडूंना कोणी आडकाठी केली नाही, आणि त्यांनी तो घेतलाही. येथेच टीकेचा खरा प्रश्न उभा राहतो. दैत्याची शक्ती खेळाडूंना पूर्णपणे माहीत झाल्यानंतरही ती त्यांना काही विचारते काय? की ती केवळ एक गुपित होती, आणि गुपित फुटताच संपली?

या कसोटीवर प्रथम 'रस्ट मॉन्स्टर' हा गंजखोर प्राणी घ्यावा. हाँगकाँगमध्ये बनलेल्या स्वस्त प्लॅस्टिकच्या खेळण्यांतील एका विचित्र आकृतीवरून गायगॅक्स यांना तो सुचला, आणि १९७५ च्या 'ग्रेहॉक' या पुरवणीत तो अवतरला. त्याला मारण्याची हौस नाही. त्याला लोखंड खावयाचे असते. त्याच्या स्पर्शशृंगांचा स्पर्श होताच चिलखताचा गंज होतो. आता या प्राण्यासंबंधी सर्व काही ठाऊक असलेल्या खेळाडूची अवस्था पाहावी. चिलखत उतरवावे, तर उतरविण्यास वेळ लागतो आणि अंधारात दुसरे कोणी दबा धरून बसले असेल. तलवार म्यान करून लाकडी सोटा हाती घ्यावा, तर सोटा आणला आहे कोणी? मूठभर लोखंडी खिळे फेकून पळ काढावा, तर ते खाण्यात त्याचा क्षणभरच वेळ जातो. सर्वांत सुसज्ज वीर येथे सर्वांत दुबळा ठरतो आणि अंगावर कापडी झगा घातलेला मांत्रिक निर्धास्त पुढे होतो. ज्ञानाने ही शक्ती क्षीण होत नाही. उलट तिच्यातील गंमत ज्ञानानंतरच सुरू होते.

ट्रोल या दैत्याची शक्ती वरकरणी याहून साधी आहे. त्याच्या जखमा आपोआप भरून येतात. आग अथवा आम्ल यांनीच त्याचा अंत होतो. ही कल्पना पोल अँडरसन यांच्या 'थ्री हार्ट्स अँड थ्री लायन्स' (ग्रंथरूपाने १९६१) या कादंबरीतून आली. मराठी वाचकास येथे रक्तबीजाचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. त्याच्या रक्ताचा थेंब भूमीवर पडला की त्यातून तेवढाच बलिष्ठ असुर उभा राही, आणि म्हणून कालीने ते रक्त भूमीवर पडण्याआधीच प्राशन केले. नेहमीचा उपाय, म्हणजे वार करणे, हाच दोन्ही ठिकाणी निरुपयोगी ठरतो. रक्तबीजाच्या बाबतीत तर तो अपायकारक होतो, आणि या दृष्टीने आपल्या पुराणकर्त्याची योजना अधिक धारदार आहे असे म्हणावयास हरकत नाही.

ट्रोलवर मात्र एक आक्षेप घेतला जातो, आणि तो वजनदार आहे. आगीचे गुपित आज प्रत्येक खेळाडूस ठाऊक असते. ते पात्राला ठाऊक नाही असे मानून काही फेऱ्या वाया घालविण्याचे सोंग मेजावर वठवावे लागते. हे सोंग कंटाळवाणे असते यात शंका नाही. परंतु त्याचा दोष शक्तीकडे जात नाही. उत्तर उघडपणे माहीत आहे असे धरून खेळले, तरी पेटता पलिता एका हातात असला की त्या हातात ढाल राहत नाही. शिवाय २०१४ च्या पाचव्या आवृत्तीच्या नियमानुसार आगीचा चटका एकदाच देऊन भागत नाही : तो बसल्यावर ट्रोलच्या पुढच्या पाळीपुरतेच जखमा भरणे थांबते. कोणी, केव्हा, कोणते काम सोडून आग लावावयाची, हा प्रश्न शेवटपर्यंत जिवंत राहतो.

याच्या नेमके उलट उदाहरण म्हणजे पिशाचवर्गीय दैत्यांची पातळी हिरावण्याची शक्ती. १९७४ च्या नियमांत 'वाइट' या प्रेताचा वार बसला की पात्राची एक पातळी जाई, आणि व्हॅम्पायरचा बसला की दोन. बचावाचा फासा टाकण्याची संधीही नसे. एक पातळी म्हणजे कित्येक संध्याकाळची कमाई. या शक्तीचा दरारा मोठा होता आणि जुने खेळाडू तिचे गुणगान अजूनही करतात. पण त्या दराऱ्याचे स्वरूप तपासले पाहिजे. गंजखोर प्राणी पात्राचे चिलखत खातो; वाइट खेळाडूचा वेळ खातो. ही हानी कथेत घडत नाही, कागदावरच्या आकड्यांत घडते. तिच्यावर उपायही एकच : दुरून बाण मारावे, नाही तर पळावे. ही शक्ती पुरती माहीत झाल्यावर तिच्यातून भय तेवढे उरते, निर्णय उरत नाही.

पुढील आवृत्तींच्या कर्त्यांनी ही अडचण ओळखली. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत हानी कायम होण्यापूर्वी फाशाची संधी मिळू लागली. २०१४ मध्ये वाइटचा स्पर्श केवळ जीवनांकांची कमाल मर्यादा घटवू लागला, आणि तीही दीर्घ विश्रांतीने पूर्ववत होते. येथवर तक्रारीस जागा नाही. परंतु याच औषधाची मात्रा सरसकट सर्वांस देण्यात आली, हे मात्र चुकले. २००६ साली माइक मर्ल्स यांनी गंजखोर प्राण्याचे जे नवे रूप मांडले, त्यात गंज काही मिनिटांनी नाहीसा होई. चौथ्या आवृत्तीच्या दुसऱ्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'ने (२००९) तर त्याच्या पोटातून गिळलेल्या जादूच्या वस्तूंच्या किमतीइतके द्रव्य परत मिळण्याची सोय करून ठेवली! वाण्याने उसने दिलेले वसूल करावे तसा हा प्रकार आहे. २०१४ च्या रूपात हानी खरी आहे, पण जादूच्या शस्त्रांना तिची झळ लागत नाही. म्हणजे ज्या वस्तूवर जीव जडलेला, तीच सुरक्षित. पातळी हिरावणे आणि चिलखत गंजविणे यांत हानीची मात्रा कमी-अधिक असेल. खरा फरक हानीच्या जातीचा आहे. तो न ओळखता कठोर तेवढे मऊ करण्याचा सपाटा लावला, की मेजावर कोणासच काही गमवावे लागत नाही, आणि जपावेसेही काही वाटत नाही.

चौथ्या आवृत्तीने (२००८) दैत्यांना लढाईतील भूमिकांनुसार वर्ग दिले : कोणी अंगावर धावून जाणारा, कोणी दबा धरणारा, कोणी दुरून मारा करणारा. त्यामुळे लढाया रेखीव झाल्या, हे मान्य केले पाहिजे. पाचव्या आवृत्तीतील 'लेजंडरी रेझिस्टन्स' या शक्तीविषयी मात्र असे म्हणता येत नाही. मोठा दैत्य फासा हरल्यावरही दिवसातून तीनदा, केवळ आपल्या इच्छेने, जिंकल्याचे ठरवू शकतो. एकटा दैत्य पहिल्याच मंत्राने गारद होऊ नये, हा हेतू रास्त आहे. पण खेळाडूने उत्तम निर्णय घेतला, फासाही अनुकूल पडला, आणि सूत्रधाराने नुसते 'नाही' म्हटले, तर त्या निर्णयाला काय किंमत उरली?

मोठ्या दैत्याची शक्ती कशी असावी, याचे उत्तर १९७५ पासून त्याच परंपरेत उपलब्ध आहे. 'बिहोल्डर' हा तरंगता गोलाकार दैत्य. त्याचा मधला मोठा डोळा समोरची सारी जादू निष्प्रभ करतो आणि वरचे दहा लहान डोळे निरनिराळे घातक किरण सोडतात. यातील मर्म असे की, २०१४ च्या नियमांत मधल्या डोळ्याच्या टापूत त्याचे स्वतःचे किरणही चालत नाहीत. ज्याला त्याने निःशस्त्र केले, त्याला तो किरणांनी मारू शकत नाही. मांत्रिकाने टापूत राहून किरणांपासून वाचावे, की बाहेर पडून मंत्र म्हणावा व किरण सोसावे? दैत्यालाही दर पाळीस डोळा कोणीकडे वळवावा हे ठरवावे लागते. दोन्ही पक्षांना सर्व नियम माहीत असूनही कोडे सुटत नाही.

या परंपरेतील 'राक्षस' हा प्राणी भारतीय अभ्यासकास विशेष विचारार्ह वाटेल. तो प्रथम डिसेंबर १९७५ मध्ये 'द स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू' या पत्रात आला, आणि त्याचे जवळचे मूळ रामायणापेक्षा 'कोलचॅक' या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेच्या १९७४ मधील एका भागात आहे. १९७७ च्या ग्रंथात तो व्याघ्रमुखी आहे. समोरच्याचे मन वाचून त्यास मित्र वाटेल असे रूप घेतो. आणि अभिमंत्रित क्रॉसबोच्या बाणाने मरतो. (व्याघ्रमुख हे आपल्याकडील राक्षसाचे ठरलेले लक्षण नव्हे, पण ती तक्रार येथे गौण आहे.) बाणाची युक्ती हे निव्वळ गुपित होय, ते एकदा कळले की त्यात उरते काय? मायेची गोष्ट निराळी. रावण भिक्षुवेषाने आला, तेव्हा सीतेपुढे अतिथिधर्म आणि स्वतःची सुरक्षितता यांत निवड करण्याचा प्रसंग होता. भिक्षुक खोटा असू शकतो हे ठाऊक असूनही तो प्रसंग सुटत नाही. खेळातील राक्षसाच्या रूपातही हे सामर्थ्य बीजरूपाने आहे. जखमी मित्र दारात उभा आहे, आणि राक्षस असेच रूप घेतो हे सर्वांस माहीत आहे : दार उघडावे काय? छापील वर्णनात याविषयी फारसे काही नाही. तेथे जागा दिली आहे ती बाणास, आणि कोणत्या पातळीच्या मंत्रांची मात्रा त्याच्यावर चालत नाही याच्या आकड्यास. दारातला प्रसंग प्रत्येक मेजावरच्या सूत्रधारास स्वतःच रचावा लागतो.