बडादेवाचा कावळा मुलांना कसा सांगावा?

लोककथा मुलांसाठी पुन्हा सांगताना तिच्यातले काय ठेवावे आणि काय गाळावे, याची चर्चा मराठी बालवाङ्मयात बरीच झाली आहे. मात्र ती बहुधा पंचतंत्र, इसाप आणि आजीच्या चिऊकाऊच्या अंगणातच घोटाळत राहते. आम्हा भोपाळकर मराठी मंडळींना तरी हा प्रश्न अधिक जवळचा वाटायला हवा. 1982 साली श्यामला हिल्सवर भारत भवन उघडले. जगदीश स्वामीनाथन यांच्या शोधमोहिमेमुळे त्याच सुमारास पाटनगढचा तरुण जनगढसिंह श्याम भोपाळला आला, आणि त्याच्यामागोमाग त्याचे नातलगही आले. त्यामुळे गोंडांच्या कथा सांगणाऱ्या परधान समाजातील कितीतरी कुटुंबे आज आपल्याच शहरात राहतात. विधानसभेच्या भिंतीवरील जनगढचे काम आपल्यापैकी अनेकांनी येताजाता पाहिले असेल. त्या चित्रांच्या पोटात ज्या कथा आहेत, त्या मात्र आपल्या घरातील मुलांना ठाऊक नसतात.

परधान हे मुळात चित्रकार नव्हेत. ते गोंडांचे भाट. ठरावीक काळाने यजमानांच्या घरी जाऊन, बाना नावाचे तंतुवाद्य वाजवीत बडादेवाला जागवायचे आणि वंशाच्या कथा गायच्या, हा त्यांचा वारसा. गाणे ऐकणारे यजमान दुरावले, तेव्हा कथा कागदावर आणि कॅनव्हासवर उतरली. मराठी वाचकाला हा समाज अगदीच परका नाही. विदर्भातही परधान आहेत. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी टिपून ठेवलेले लिंगोचे गोंडी गीत त्यांच्या मृत्यूनंतर 1866 साली रिचर्ड टेंपल यांनी छापले. म्हणजे या वाङ्मयाची पहिली महत्त्वाची नोंद आपल्या जुन्या राजधानीतच झाली होती.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पृथ्वीच्या उत्पत्तीची गोंड कथा थोडक्यात अशी: सर्वत्र पाणीच पाणी आहे. बडादेव आपल्या अंगाच्या मळापासून कावळा घडवतो आणि त्याला माती शोधायला पाठवतो. कावळा उडून उडून थकतो आणि पाण्याबाहेर आलेल्या खेकड्याच्या नांगीवर टेकतो. खेकडा त्याला पाताळात नेतो. माती तेथे गांडुळाच्या पोटात आहे. खेकडा गांडुळाची मान आवळतो, गांडूळ माती ओकते, कावळा ती घेऊन येतो. मग कोळी पाण्यावर जाळे विणतो आणि त्या जाळ्यावर माती पसरली जाते. या कथेची निरनिराळी रूपे व्हेरियर एल्विन यांच्या 1949 सालच्या 'मिथ्स ऑफ मिडल इंडिया' या ग्रंथात सापडतात. एल्विन स्वतः काही काळ पाटनगढला राहिले होते, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

ही कथा मुलांसाठी लिहायला बसलेल्या सज्जन लेखकाची लेखणी तीन ठिकाणी अडखळते: मळ, मान आवळणे आणि ओकणे. मळाच्या जागी तो 'दिव्य तेज' आणतो, खेकडा गांडुळाला 'विनंती' करतो आणि गांडूळ माती 'भेट' देते. शेवटी सर्वांनी मिळून काम करावे, असे तात्पर्य जोडले की पुस्तक शाळेच्या ग्रंथालयात जायला मोकळे. आमच्या मते अशा कथेत गोंडांचे काहीही शिल्लक राहत नाही. अंगाच्या मळापासून निर्मिती ही कल्पना आपल्यालाही नवी नाही, पार्वतीने गणपती तसाच घडवला. तेथेही मुलांच्या पुस्तकांत मळाचे उटणे झाले, चंदन झाले. पण गोष्टीचा सारा जीव त्या मळातच आहे. देवालाही घाम येतो, त्याचेही अंग मळते आणि त्या टाकाऊतून पहिला जीव जन्माला येतो. या जगात माती आयती मिळत नाही, ती कोणाच्या तरी घशातून काढावी लागते. जंगल कापून, दगड वेचून शेत करणाऱ्या माणसांची ही सृष्टिकथा आहे. तिच्यातील झटापट काढली तर तिचा कष्टाशी असलेला संबंधच तुटतो. शिवाय मुलांना ओकण्याची किळस वाटत नाही, ती मोठ्यांना वाटते. मराठीत 'गांडूळ' ही दुबळ्या माणसाला दिलेली शिवी आहे. तेच गांडूळ येथे साऱ्या पृथ्वीचे कोठार आहे, हे ऐकताना मराठी मुलाला किती मौज वाटेल!

अशी सफाई केवळ आपल्याकडेच होते असे नाही. मेक्सिकोतील अझ्टेक लोकांची पाचव्या सूर्याची कथा सोळाव्या शतकात साहागून या पाद्र्याने नाहुआत्ल भाषेतील ग्रंथात नोंदवून घेतली. तेओतिवाकान येथे देव जमतात. श्रीमंत, गर्विष्ठ देव अग्नीपुढे कचरतो आणि अंगभर फोड असलेला गरीब नानावात्सिन उडी घेऊन सूर्य होतो. मुलांसाठी सांगताना बहुतेकदा गोष्ट येथेच संपवतात, कारण विनम्राचा विजय झाला. मूळ कथेत मात्र उगवलेला सूर्य जागचा हलतच नाही. सगळे देव आपले प्राण देतात, तेव्हा कोठे तो चालू लागतो. हा शेवट गाळला की जग कोणाच्या तरी मरणावर चालले आहे ही अझ्टेकांची भयंकर आणि गंभीर जाणीवच गळून पडते व मागे उरते एक सुबोध नीतिकथा. याच कथेत चंद्राचे तेज कमी करण्यासाठी देव त्याच्या तोंडावर ससा फेकून मारतात. शशांक हा शब्द रोज वापरणाऱ्या आपल्यासारख्यांनी येथे थबकायला हवे. जातकातला ससाही स्वतःला अग्नीत झोकून देतो आणि मग चंद्रावर जातो. अग्नी, आत्मदान, ससा, चंद्र! दोन महासागरांपलीकडच्या या जुळणीचा उलगडा कोणी कसाही करो, पण दोन्ही कथा शेजारी ठेवून सांगितल्या तर मुले स्वतःच प्रश्न विचारू लागतील.

परधान कलावंतांच्या पुस्तकांपैकी चेन्नईच्या तारा प्रकाशनाचे 'द नाइट लाइफ ऑफ ट्रीज' (2006) सर्वांत गाजले. भज्जू श्याम, दुर्गाबाई व्याम आणि रामसिंह उर्वेती यांची झाडे काळ्या कागदावर हाताने छापलेली आहेत. 2008 साली बोलोन्याचा पुरस्कार या पुस्तकाला मिळाला आणि अनेक युरोपीय भाषांत ते गेले. चित्रांविषयी दुमत नाही. मजकुराविषयी मात्र आमची तक्रार आहे. एकेका झाडाखाली चार-सहा वाक्ये, तीही सुभाषितासारखी घोटलेली. बान्यावर रात्रभर चालणारी कथा, तिची पुनरुक्ती, तिचे रेंगाळणे आणि श्रोत्यांनी भरलेला हुंकार यांपैकी येथे काहीच ऐकू येत नाही. झाड पाहावे, ओळ वाचावी आणि पान उलटावे. पुस्तक देखणे आहे, पण सांगणारा मुका झाला आहे. तरीही एका गोष्टीचे श्रेय द्यायलाच हवे. मुखपृष्ठावर कलावंतांची नावे आहेत. लोककथांच्या कितीतरी संग्रहांत संपादकाचे नाव ठसठशीत छापलेले असते आणि सांगणारा 'एक आदिवासी' म्हणूनच उरतो.

त्या मानाने भज्जू श्याम यांचे 'द लंडन जंगल बुक' (2004) आम्हाला अधिक खरे वाटते. एका उपाहारगृहाच्या भिंती रंगवण्यासाठी ते 2002 साली लंडनला गेले होते. तेथे जे पाहिले, ते त्यांनी आपल्या कथांच्या भाषेत मांडले. विमान म्हणजे उडणारा हत्ती, भुयारी रेल्वे म्हणजे गांडूळ, बिग बेनचे घड्याळ म्हणजे कोंबडा, आणि संध्याकाळी बाहेर पडणारे इंग्रज म्हणजे वटवाघळे. किपलिंगने 1894 साली आपल्या सिवनीच्या जंगलावर गोष्टी रचल्या. त्याची ही परतफेडच. येथे लोककथा पुन्हा सांगितलेली नाही, तिने नवे जग पाहिले आहे. पाताळातले ते गांडूळ लंडनच्या जमिनीखाली धावताना दिसते, यावरून ती अजून जिवंत आहे हे कळते.

मराठीत या दिशेने काहीच झाले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. दुर्गा भागवत मध्य प्रदेशातील गोंडांमध्ये हिंडल्या, जंगलातील विषबाधेने झालेले दीर्घ आजारपण त्यांनी सोसले आणि पुढे प्रांतोप्रांतींच्या लोककथा मराठीत आणल्या. त्यांची भाषा साधी आहे, पण ती कथेला धुऊन पुसून घेत नाही. आज बाजारात दिसणाऱ्या रंगीत पुस्तकांच्या लेखकांनी त्यांच्याकडून निदान एवढे तरी घ्यावे.

मोहाची कथा ही या साऱ्याची कसोटी आहे, असे आम्हाला वाटते. मोहाच्या दारूत पोपट, वाघ आणि डुक्कर यांचे गुण उतरले; म्हणून पिणारा आधी बडबडतो, मग गुरगुरतो आणि शेवटी चिखलात लोळतो. गोष्ट अत्यंत विनोदी आहे. मुले ती पोट धरून ऐकतील. पण पाठ्यपुस्तक मंडळाच्या बैठकीत ती पहिल्याच फेरीत बाद होईल, हे शासकीय समित्यांचे इतिवृत्त लिहिण्यात आयुष्य घालवल्यामुळे आम्ही खात्रीने सांगू शकतो. वास्तविक व्यसनाबद्दल इतके नेमके आणि इतके कमी उपदेश करणारे दुसरे काही आमच्या वाचनात नाही. शिवाय जेथे मोहाचे फूल हेच अन्न, औषध आणि देवाचा नैवेद्य, तेथे त्याचे नावच काढायचे नाही म्हटल्यावर मुलांना सांगायचे तरी काय?

श्यामला हिल्सवरील जनजातीय संग्रहालय 2013 पासून खुले आहे. मानव संग्रहालयही हाकेच्या अंतरावर आहे. आपल्या मंडळाच्या बालविभागाने एखाद्या रविवारी मुलांना तेथे न्यावे आणि एखाद्या परधान कलावंताला योग्य मानधन देऊन, त्याच्याच हिंदी-गोंडी मिसळलेल्या बोलीत, कावळ्याची कथा सांगायला बोलवावे. मराठीत ती कोणी लिहावी, हे नंतर पाहता येईल. लिहिणाऱ्याने आधी ती ऐकलेली असावी आणि पुस्तकावर सांगणाऱ्याचे नाव आपल्या नावाच्या वर छापावे.